बेळगावच्या पर्यटनाचा पैसा येतो कुठून, जातो कुठे? आणि पाहुणा रात्री का थांबत नाही?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात पुण्याहून माझी मावसबहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं गोव्याला निघाली होती. मी हट्ट करून त्यांना एक दिवस बेळगावात थांबवून घेतलं. सकाळी किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर दाखवलं. मंडपाच्या छतातलं ७२ पाकळ्यांचं दगडी कमळ बघून धाकटा भाचा सरळ फरशीवर उताणा झोपला आणि पाकळ्या मोजायला लागला. चाळिसाच्या पुढं गेला की चुकायचा, परत पहिल्यापासून. आईनं ओढून उठवलं तेव्हा रडवेला झाला होता. १२०४ सालचं काम ते, रट्ट राजांच्या बीचीराज मंत्र्याचं. आठशे वर्षांनी एका नऊ वर्षांच्या पोराला जमिनीवर झोपवतं, याहून मोठी जाहिरात कुठली?

दुपारी खानापूर तालुक्यातलं हलशी. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत. आत अंधार होता. पुजारी आजोबांनी बॅटरी आणली आणि आधी पायाशी, मग गुडघ्याशी, मग हळूहळू वर नेत वराहाच्या तोंडावर उजेड धरला. पृथ्वी उचलून धरलेला तो वराह असा टप्प्याटप्प्यानं दिसला की बहीण काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, "अरे, दरवर्षी आम्ही इथून पंचवीस किलोमीटरवरून गोव्याला जातो. आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

तिथवर छान झालं. पण जाताना फाट्यावरची पाटी झुडपात आडवी पडलेली होती, दोनदा रस्ता चुकलो. येताना एका ठिकाणी नवंकोरं स्वच्छतागृह दिसलं, त्याला कुलूप. किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही. बहिणीला आणि मोठ्या भाचीला पुढं एका अनोळखी घरी विनंती करून जावं लागलं. त्या घरच्या वहिनींनी चहासुद्धा पाजला, त्यांचे उपकार आहेत. पण संध्याकाळी भावोजी म्हणाले, "आता थांबून काय करणार, रात्रीतच चोर्ला घाटानं उतरतो." आणि गेले.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. पर्यटनाच्या नावानं पैसा येतो हे आपण पेपरात वाचतो. तो येतो कुठून, ठरवतं कोण, आणि फाट्यावरची पाटी उभी करायला तो का पोचत नाही? जाणकारांनी सांगा. काही ठोस निघालं तर आपण सगळ्यांनी मिळून एक निवेदन द्यावं असं मनात आहे.

कुंदा_पावकिलो

थांबतोय की ओ पाहुणा! मिठाईच्या दुकानात कुंदा बांधून हुईपर्यंत धा मिनिटं थांबतोय. 😀

टिळकवाडी_तिसरे_गेट

चांगला धागा. मी नोकरीची सगळी वर्षं सरकारी हिशेबात काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आपल्याकडं शहराचं स्वतःचं पर्यटन मंडळ असा प्रकार नाही. राज्याचं पर्यटन खातं आहे, त्याचं जिल्ह्याला कार्यालय आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पर्यटन समिती असते. पण ज्या जागा बघायला लोक येतात त्यातली एकही या समितीच्या मालकीची नसते. कमल बस्ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं. देवळं मुजराई खात्याकडं (राज्याचं देवस्थान खातं) नाहीतर ट्रस्टकडं. धबधबे आणि भीमगड अभयारण्य वन खात्याकडं. धरणं पाटबंधाऱ्याकडं. किल्ल्याच्या आसपासचा आणि कॅम्पातला बराच भाग लष्कराकडं. रस्ता बांधकाम खात्याचा, रस्त्यापासून देवळापर्यंतची वाट ग्रामपंचायतीची. तुमची झुडपातली पाटी यातल्या कुणाची होती हे शोधायलाच एक अर्ज करावा लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पैसा दोन प्रकारचा असतो, बांधायचा आणि सांभाळायचा. बांधायचा पैसा मिळतो. आमदार निधी वर्षाला २ कोटी, खासदार निधी ५ कोटी, शिवाय राज्याच्या आणि केंद्राच्या योजना. त्यातून कमान होते, पेव्हर होतात, स्वच्छतागृह होतं, उद्घाटन होतं. पण त्या स्वच्छतागृहाला रोज पाणी कोण सोडणार, झाडणाऱ्या बाईंचा पगार कुठल्या शीर्षाखाली टाकणार, हे त्या मंजुरीत नसतं. ठेकेदार काम पूर्ण करून किल्ली देऊन जातो. ती घ्यायला ग्रामपंचायत तयार नसते, कारण घेतली की वीजबिल तिच्या गळ्यात. म्हणून कुलूप. तुम्ही बघितलं ते कुलूप कुणाच्या आळसाचं नाही, हिशेबातल्या रिकाम्या रकान्याचं आहे.

देवळांचंही तसंच. मुजराईत वार्षिक उत्पन्नावर देवळांची प्रतवारी असते. २५ लाखांच्या वर 'अ', ५ ते २५ लाख 'ब', त्याखाली 'क'. आपल्या भागातली सगळ्यात जुनी, सगळ्यात देखणी देवळं बहुतेक अशा खेड्यांत आहेत जिथं दक्षिणापेटीत चिल्लरच पडते. उत्पन्न नाही म्हणून सोय नाही, सोय नाही म्हणून माणूस येत नाही, माणूस नाही म्हणून उत्पन्न नाही.

हलशीकर

धागाकर्ते, बॅटरीवाले आजोबा आमच्या गल्लीतले. त्यांना वाचून दाखवलं. खूश झाले.

शहापूरची_सून

तिसरे गेट काका, छान समजावलंत. मी दुसऱ्या बाजूनं बघते.

आमच्या भागातली सगळ्यात मोठी पर्यटन योजना पर्यटन खात्याची नाहीच. ती म्हणजे शक्ती योजना. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही. तेव्हापासून माझ्या सासूबाई, त्यांच्या दोन जावा आणि शेजारच्या काकू असा चौघींचा गट झालाय. सौंदत्तीची यल्लम्मा झाली, गोकाकचा धबधबा झाला, कित्तूर झालं, एकदा तर मुक्कामाला बदामीपर्यंत जाऊन आल्या. सासूबाईंचं वय अडुसष्ट. लग्न होऊन शहापुरात आल्यापासून माहेर आणि पंढरपूर सोडून त्या कुठंच गेल्या नव्हत्या. गोकाकला झुलत्या पुलावर मधोमध उभं राहून त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला होता, मागं ५२ मीटरवरून घटप्रभा कोसळतेय आणि पुढं यांचा पदर उडतोय. "सुनबाई, बघ गं, बघ!" एवढंच ओरडत होत्या. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकूच आलं नाही.

हे सांगायचं कारण असं की या चौघींवर कुणी जाहिरातीचा खर्च केला नाही. बस दिली, त्या गेल्या. आणि कुठं गेल्या नाहीत ते पण ऐका. हलशीला गेल्या नाहीत, देगावच्या कमलनारायणाला गेल्या नाहीत. कारण उतरल्यावर परतीची बस मिळेल की नाही याची खात्री नाही आणि जाईल तिथं बाथरूमची सोय असेल का हा प्रश्न. बायकांचा प्रवास या दोन गोष्टींवर ठरतो. कमानीवर ठरत नाही.

मलप्रभाकाठ

वहिनी, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. देगावचं कमलनारायण त्यांनी बघायलाच हवं. कदंबांच्या राणी कमलादेवीनं बांधवून घेतलेलं, बाराव्या शतकातलं. एका राणीनं बांधलेलं देऊळ बायकांनाच बघता येत नाही ही गोष्ट मनाला लागली.

कणकुंबीकर

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. आम्हाला प्रसिद्धी नको.

मलप्रभेचा उगम आमच्या गावात. माउलीचं देऊळ, शेजारी कुंड, सगळं शांत. पावसाळ्यात चोर्ला, पारवाड, जांबोटी या पट्ट्यात शनिवार-रविवारी काय चालतं ते येऊन बघा. रस्त्यात गाड्या आडव्या, दारं उघडी, गाणी मोठ्यानं. गेल्या साली लावणीच्या वेळी आमच्या शेतात बाटलीच्या काचा. आईच्या पायात काच घुसली, पाच टाके पडले. चिखलात काच दिसत नाही, पाय टाकला की कळतं. तिला पंधरा दिवस शेतात उतरता आलं नाही आणि लावणी तर थांबत नाही.

त्या काचा टाकणाऱ्यांना इथवर कोणी आणलं? कुणीतरी धबधब्याचा व्हिडिओ टाकला, खाली जागेचा पत्ता दिला, झालं. वन खातं दरवर्षी पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतं, त्याची कारणं आहेत. लोक वाहून गेलेत. भीमगड अभयारण्य आहे, बारापेडीच्या गुहेत वटवाघळांची अशी जात आहे जी जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. तिथं गर्दी करून काय मिळवणार? जंगलातल्या गावांना वीज नाही, रस्ता नाही, आणि आता बाहेर वसवायचं चाललंय. जंगल राखायचं म्हणून आमची माणसं उठणार आणि त्याच जंगलात पर्यटक येणार, हे मला पटत नाही.

जांबोटीचा_पाऊस

कणकुंबीकर भाऊ, काचेचं वाचून वाईट वाटलं. आईंचा पाय आता कसा आहे?

खरं आमच्यातली धा-बारा पोरं ह्याच गर्दीवर चार महिने घर चालवतात बगा. भजी, कणीस, च्या. एकानं दोन खोल्या काढल्यात, गोव्याचे लोक येतात, नाचणीची भाकरी आणि माडगं मागून खातात. गर्दी नको असं सरसकट म्हणू नका. दारू नको, काच नको म्हणा. पंचायतीनं नाक्यावर गाडी थांबवून बाटल्या काढून घेतल्या तर कोण मरंल?

कणकुंबीकर

पाय बरा आहे, धन्यवाद. नाक्यावर तपासणीला माझा पाठिंबा आहे. तेवढ्यासाठी पैसा आला तर मी स्वतः उभा राहतो.

दांडेलीरोड

मी जोयडा तालुक्यातला, आमचा जिल्हा कारवार. पण सीमाभाग म्हटला की आम्ही आलोच. दांडेलीत हे सगळं आम्ही वीस वर्षं आधी बघितलंय, म्हणून लिहितो.

आमच्याकडं काळी नदीतलं राफ्टिंग प्रसिद्ध झालं. नदीत पाणी किती असणार हे सुपा धरणातून वीज करायला किती सोडतात त्यावर ठरतं. म्हणजे धंदा नदीवरचा आणि नदी वीजमंडळाच्या हातात. सरकारचा जंगल लॉजेसचा कॅम्प पहिल्यापासून आहे, त्यात आमच्यातली पोरं गाइड म्हणून तयार झाली. पक्ष्यांची इंग्रजी नावं, कानडी नावं, मराठी नावं, तिन्ही पाठ. मग त्यातल्याच पोरांनी स्वतःचे होमस्टे काढले. जी पोरं आधी गाइड म्हणून शिकली त्यांचे होमस्टे नीट चालतात. ज्यांनी जमीन विकली आणि बाहेरच्याला रिसॉर्ट बांधू दिला, ती त्याच रिसॉर्टात गेटवर उभी आहेत.

म्हणून माझं सांगणं एवढंच, आधी माणूस शिकवा. इमारत नंतर. हलशीच्या आजोबांच्या मागं बॅटरी कोण धरणार आहे?

हलशीकर

शेवटच्या वाक्यानं थांबलो. आजोबांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. नातू बारावीला. त्याला देवळाची सगळी माहिती आहे, कदंबांचे ताम्रपट हलशीत सापडले, पलाशिका म्हणून ही त्यांची दुसरी राजधानी होती, सगळं सांगतो. पण त्यावर पोट भरेल असं त्याला कुणी दाखवलं नाही.

निपाणीवाला

नेहमीप्रमाणे चर्चा बेळगाव-खानापुरात अडकली. 😊 निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी पण आहेत ओ सीमाभागात.

आमच्या बाजूचा प्रश्न निराळा आहे. स्तवनिधीला महाराष्ट्रातून जैन भाविक येतात. यडूरला कृष्णाकाठी वीरभद्राचं देऊळ, तिथं सांगली-कोल्हापूरचे लोक येतात. आणि नदीपलीकडं महाराष्ट्रात खिद्रापूरचं कोपेश्वर, ४८ खांबांचा स्वर्गमंडप, वर आभाळाला मोकळा. यडूर आणि खिद्रापूर ही दोन्ही देवळं एकाच नदीची. बघणारा माणूस दोन्ही एका दिवसात बघू शकतो. खरं कर्नाटकाच्या पर्यटन नकाशात खिद्रापूर नाही आणि महाराष्ट्राच्या नकाशात यडूर नाही. दोन्ही नकाशे नदीवर येऊन थांबतात. आमची सोयरीक नदीच्या दोन्ही काठांना, देव दोन्ही काठांना, नकाशा मात्र अर्धा.

दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक पानाचा नकाशा छापला तर खर्च किती येईल? एका स्वागतकमानीच्या रंगाइतका पण नाही.

पुण्यातला_बेळगावकर

निपाणीवाले +१. एक पानी नकाशाची कल्पना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली.

पैशाच्या प्रश्नावर थोडी भर. बेळगावच्या हॉटेलात पाहुणा राहिला की महानगरपालिकेला काय मिळतं? थेट काहीच नाही. खोलीवरचा जीएसटी केंद्र आणि राज्याकडं जातो. पूर्वी लक्झरी टॅक्स होता तो २०१७ मध्ये जीएसटीत विरला, तोही राज्याचाच होता. पालिकेला फक्त इमारतीची घरपट्टी आणि परवाना फी, खोल्या भरल्या काय आणि रिकाम्या राहिल्या काय. म्हणजे पाहुणे वाढावेत असं पालिकेच्या तिजोरीला वाटायचं कारणच नाही.

उलट पन्हाळा बघा, महाबळेश्वर बघा. गावात शिरताना नगरपालिका प्रवासी कर घेते. रक्कम लहान, पण ती गावातच राहते. हलशी, कित्तूर, गोकाक इथं पार्किंगवर असं काही घेऊन ते त्याच जागेच्या झाडलोटीला बांधून दिलं तर तिसरे गेट काकांच्या रिकाम्या रकान्यात काहीतरी पडेल.

बेळगावच्या सांबरा विमानतळाचंही तेच झालं. केंद्राच्या उडान योजनेत विमानं आली, सगळे खूश. त्या योजनेत विमान कंपनीला तोटा भरून द्यायची मुदत तीन वर्षांची. मुदत संपली तशी काही मार्गांची विमानं गेली. पैसा आणायला दिला, टिकवायला दिला नाही. सध्या वंदे भारत आहे, पुण्याहूनही आणि बेंगळुरूहूनही, तेव्हा निदान येण्याची तक्रार राहिलेली नाही. आल्यावर पुढं काय, हा प्रश्न आहे.

टिळकवाडी_तिसरे_गेट

पार्किंगची सूचना चांगली आहे पण एक अट घाला. ती पावती ग्रामपंचायतीच्या साध्या खात्यात गेली तर दिव्यांच्या बिलात संपेल. वेगळं खातं, गावातल्या पाच माणसांची समिती, त्यात दोन बायका, आणि महिन्याचा हिशेब देवळाच्या भिंतीवर लावायचा. मी हिशेब तपासून द्यायला तयार आहे, फुकट.

खडकगल्ली

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न कुणी बोललाच नाही. पाट्या मराठीत का नाहीत? कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, गोवा इथून येणारा माणूस मराठी वाचतो. खानापूर तालुक्यातला गावचा माणूस मराठी वाचतो. मग पाटीवर फक्त कानडी आणि इंग्रजी. आधी हे बोला.

कॅम्पातला

आला विषय. आता धागा इथंच संपणार.

खडकगल्ली

का संपावा? मी कुणाला वाईट बोललो नाही. माझी आजी पंचाहत्तर वर्षं याच गावात राहिली. म्हातारपणी दवाखान्यात कुठल्या खिडकीला जायचं ते तिला पाटी वाचून कळायचं नाही, प्रत्येकाला विचारत फिरायची. शाळेत शिकलेली बाई, पेपर वाचणारी. स्वतःच्या गावात तिला अडाणी व्हावं लागलं. पर्यटनाच्या पाटीवर मी हेच म्हणतोय.

मलप्रभाकाठ

खडकगल्ली, तुमचं दुःख आपल्या घराघरातलं आहे. ते बाजूला सारायला मी हा धागा काढलेला नाही. कानडी पहिली असावी, मोठी असावी, कायदाच नावाच्या पाटीवर ६० टक्के कानडी सांगतो, त्याला कुणाचा विरोध नाही. खाली मराठीत एक ओळ मागू. येणाऱ्या पाहुण्याच्या सोयीसाठी मागू, जशी हंपीला परदेशी पाहुण्यासाठी इंग्रजी असते. मागणी रास्त आहे आणि ती निवेदनात जाणार.

बैलहोंगलरोड

माझी मातृभाषा कन्नड, शाळा मराठी गल्लीत, म्हणून इथं वाचत असतो. मराठी ओळ टाकायला माझी हरकत नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर पौर्णिमेला जाऊन बघा, कोल्हापूरच्या गाड्यांची रांग आणि 'उदं ग आई उदं' चा गजर. जोगुळभावीच्या कुंडावर निम्मी बोली मराठीच ऐकू येते. देवीला भाषेचं काही नाही. पाटीलाही नसावं.

सौंदत्तीचा विषय निघालाच आहे तर, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं यल्लम्मा डोंगराच्या विकासाला १०० कोटी मंजूर केले. हे अनुदान नाही, राज्याला ५० वर्षांसाठी बिनव्याजी दिलेलं कर्ज आहे. योजनेचा हेतू असा की देशातल्या फार गर्दीच्या ठिकाणांवरचा ताण कमी व्हावा म्हणून कमी माहितीच्या जागांना नीट सोयी देऊन मोठं करायचं. सौंदत्तीला गर्दी आधीच आहे, पण सोयी हव्याच होत्या. पौर्णिमेला बायका उघड्यावर आंघोळ करतात, लेकरं चिखलात झोपतात. मी लहानपणी आजीबरोबर तसाच झोपलोय, दगडावर घोंगडी टाकून. पैसा योग्य जागी आलाय. तो निघून गेल्यावर पाण्याच्या टाक्या कोण धुणार, हे तिसरे गेट काकांचं कोडं तिथंही आहे.

शहापूरची_सून

बैलहोंगलरोड दादा, तुमचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आहे. 🙏

निवृत्त_गुरुजी

उशिरा आलो, क्षमस्व.

मुलांना घेऊन मी पंचवीस वर्षं 'बेळगाव पायी' अशी सहल काढत असे. एसटीचा खर्च नाही, तिकीट नाही. रिसालदार गल्लीतल्या ज्या घरात स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात उतरले होते तिथून सुरुवात. मग झेंडा चौक. मग किल्ला, सफा मशीद, कमल बस्ती, आणि किल्ल्यातलाच रामकृष्ण आश्रम. शेवटी टिळकवाडीत काँग्रेस विहीर. १९२४ च्या अधिवेशनाला पाणी पुरवण्यासाठी खणलेली. गांधीजी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले आणि ते बेळगावात. विहिरीच्या काठावर मुलांना उभं करून मी विचारायचो, "इथं एवढी माणसं जमली, त्यांना आधी काय लागलं असेल?" एखादा म्हणायचा मंडप, एखादा म्हणायचा माईक. एक मुलगी म्हणाली होती, "पाणी, गुरुजी." ती आज डॉक्टर आहे.

२०२४ ला शंभर वर्षं झाली तेव्हा शहर दिव्यांनी उजळलं होतं. रस्त्यावर माणूस मावत नव्हता, मीही नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरलो, आनंद झाला. दिवे उतरले. आता विहिरीशी एखादा पाहुणा आला तर त्याला हे सांगायला कुणी नाही. रोज सकाळी दोन तास, आठवड्यातून तीन दिवस, एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी पाहुण्यांना घेऊन चालली तर वर्षाचं मानधन त्या रोषणाईपुढं काय असणार? शहरात कॉलेजं भरपूर आहेत. इतिहासाची मुलं नोकरीसाठी वणवण करतात.

कुंदा_पावकिलो

गुरुजी, मी तुमच्या त्या सहलीत होतो. सातवी ब. 🙏

आता गंमत सोडून बोलतो. आमचं घर मिठाईतलं. लोक गाडीतनं उतरतात, कुंदा घेतात, जातात. खरं मागच्या दिवाळीत एक मुंबईच्या बाईंनी विचारलं, "बनवताना बघू का?" आत नेलं. दूध आटत होतं, दह्याचं विरजण पडल्यावर दाणा कसा फुटतो ते दाखवलं. साखर करपवून रंग आणायची वेळ आली तेव्हा त्या कढईजवळनं हलायलाच तयार नव्हत्या. आमचे कारागीर मामा तीस वर्षं तिथं उभे आहेत, पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा फोटो काढला. मामांनी आधी टोपी नीट केली, मग झारा हातात धरून उभे राहिले. त्या बाई दीड तास थांबल्या आणि रात्री बेळगावातच राहिल्या, सकाळी मांडे बघायचे म्हणून. कोपरापर्यंत हातावर पसरत नेऊन पालथ्या कढईवर टाकतात तो मांडा त्यांनी बघितला. पिठीसाखर गरम गरम घडीत पडताना सगळी गल्ली वास घेते.

म्हणजे थांबतो पाहुणा. दाखवायला काहीतरी पायजे.

दांडेलीरोड

हेच. हेच म्हणत होतो मी.

जांबोटीचा_पाऊस

राजहंसगडाचं कुणी नाव घेतलं नाही? २०२३ ला महाराजांचा पुतळा बसला, तेव्हापासून रविवारी येळ्ळूरच्या चढाला जत्रा असते. अभिमान वाटतो. तिथंही पिण्याच्या पाण्याची आणि बायकांच्या सोयीची रोजची व्यवस्था कायम राहावी एवढं निवेदनात घाला. महाराजांच्या गडावर पाहुणा तहानलेला जायला नको.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री बसून मसुदा केला. थोडक्यात असा:

नवीन बांधकाम आम्ही मागत नाही. जे बांधलंय ते उघडं ठेवण्यासाठी माणूस आणि दरमहा पैसे मागतो. स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडं आहे ते दारावर लिहिलेलं असावं, फोन नंबरसह. हलशी आणि देगावसाठी शनिवार-रविवारी जाण्याची आणि परतीची बस पक्की असावी आणि तिची वेळ स्टँडवर लावावी. गुरुजींच्या वाटेवर चालवून आणणाऱ्या मुलांना मानधन, आणि हलशीच्या नातवासारख्या गावच्या मुलांना गाइडचं शिक्षण. यडूर-खिद्रापूर दोन्ही दाखवणारा एक पानी नकाशा. पाटीवर कानडीखाली मराठीची ओळ. आणि कणकुंबी-चोर्ला पट्ट्याची जाहिरात करण्याआधी नाक्यावर बाटल्यांची तपासणी, कणकुंबीकरांच्या आईंचा पाय लक्षात ठेवून.

पार्किंग पावतीचा मुद्दा ग्रामपंचायतींकडं वेगळा न्यावा लागेल. तिसरे गेट काका, त्यात तुमची मदत लागेल.

निवेदन कन्नडमध्येही हवं. कुणी करून देईल?

बैलहोंगलरोड

मी करतो. दोन दिवस द्या. देवळांच्या नावांत चूक नको म्हणून हलशीकरांना एकदा दाखवीन.

कणकुंबीकर

माझी सही धरा.

शहापूरची_सून

आमच्या घरच्या पाच. सासूबाई म्हणतात बसचा मुद्दा सगळ्यात वर घ्या. आणि पहिली बस सुटली की त्यांना कळवा.

हलशीकर

मसुदा आजोबांना आणि नातवाला वाचून दाखवला. नातवाची एक दुरुस्ती आहे. मराठी ओळीत 'हालसी' लिहू नका, इंग्रजीवरून तसं होतं. मराठीत 'हलशी', कन्नडात 'हलसी'. दोन्ही गावाचीच नावं आहेत, दोन्ही नीट लिहा म्हणतोय.